येलदरीचा कॅम्प

कॅम्प या शब्दाला आमच्या भागात एकच अर्थ आहे. शाळेच्या मैदानात मांडव घालतात, स्पीकरवरून नावं पुकारतात, म्हाताऱ्यांच्या कपाळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा टाकतात आणि दोन दिवसांनी तेच म्हातारे काळे चष्मे लावून जीपमधून परत येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं बोरीला मुख्याध्यापक म्हणून. सरकारनं आमच्याकडून शिकवून घेतलं नसेल तेवढी माणसं गोळा करून घेतली. आधी नसबंदीच्या कॅम्पसाठी, मग मोतीबिंदूच्या. त्यामुळे माझ्या मुलानं, सिद्धोधननं, पुण्याहून फोन करून सांगितलं, "बाबा, दिवाळीच्या सुट्टीत येलदरीला कॅम्पला जायचंय. शनिवारी सकाळी निघू, एक रात्र राहायचं. तुमचं आणि आईचं, दोघांची नावं दिलीत," तेव्हा मी डोळ्यांचा कॅम्प समजलो. माझ्या जागी कुणीही तेच समजलं असतं.

कारण मला दिसत नव्हतं. दोन वर्षं होत आली होती. अगदी काळोख नव्हता, पण सगळीकडे ताकाचं पाणी सांडल्यासारखं पांढुरकं. माणूस आवाजावरून ओळखायचा, रंगावरून अंदाज बांधायचा. वर्तमानपत्र मी रोज अर्धा तास तोंडासमोर धरून बसायचो आणि बातम्या मात्र पारावर ऐकून यायचो. पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन माझ्याकडे असतं. तिथं पान अंदाजानं उलटायचो आणि पाठ असलेलं धडाधड म्हणायचो. मंडळी "साधु साधु" म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी झाकलेली नजर सव्वा लाखाची.

मग गेलो का नाही मी डॉक्टरकडे? भ्यालो, म्हणून. माझा जोडीदार मास्तर नागनाथ ऑपरेशनला नको नको म्हणत होता. मी त्याला "बायकांसारखं काय करतोस" म्हणून जीपमध्ये बसवला आणि त्याचा तो डोळा पू होऊन कायमचा गेला. तो मला एका शब्दानं बोलला नाही. त्यानंतर मी डॉक्टरपुढच्या खुर्चीत आपणहून जाऊन बसणं शक्य नव्हतं. कुणीतरी माझ्या हाताला धरून, मला न विचारता, नेऊन बसवावं एवढंच मला पाहिजे होतं. आणि पोरानं नेमकं तेच केलं होतं! पुण्यात बसून, फोनच्या व्हिडिओत माझं तोंड बघून त्यानं ओळखलं आणि मला लाज वाटू नये म्हणून डोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आम्ही देव मानत नाही, पण म्हणीला काय त्याचं! त्या चार दिवसांत मी इतका खुशीत होतो की चांगुणानं, माझ्या बायकोनं, दोनदा विचारलं, "अवो, कुठं लॉटरी लागली का?"

"कॅम्पला जायचंय ना शनिवारी," मी म्हणालो.

"मला बी म्हाईत हाय," ती म्हणाली आणि हसली. तिनंही काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांचं तिला माहीत नव्हतं. पेशंटबरोबर एक माणूस लागतंच, म्हणून सिद्धोधननं तिचं नाव दिलं असणार, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी मी डोक्यावरून अंघोळ केली, कारण ऑपरेशननंतर महिनाभर डोक्याला पाणी लागू देत नाहीत. संध्याकाळी तिनंही केस धुतले. शनिवारी सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. ऑपरेशनला उपाशीपोटी जायचं असतं, हे मी शेकडो लोकांना बजावलेलं. ती म्हणाली, "मलाबी नगं. पोटात गुबारा धरलाय." पिशवीत आधार कार्डं, रेशन कार्ड, दोन टॉवेल आणि मऊ धोतराचा एक धुतलेला तुकडा घेतला. सिद्धोधन, सून धम्मशीला आणि आठ वर्षांची नात अर्पिता गाडी घेऊन आले आणि आम्ही निघालो.

जिंतूर मागे पडल्यावर सिद्धोधननं पुढून काहीतरी माझ्या हातात दिलं. चाचपून बघितलं तर काळा चष्मा.

"आत्ताच?" मी विचारलं.

"घाला की बाबा. ऊन लय हाय."

ऑपरेशनच्या आधी चष्मा देण्याची पद्धत मला नवी होती. पण सरकार बदललं की कार्यपद्धत बदलते, हे नोकरीत शिकलो होतो. चष्मा घातला. जे काही पांढुरकं दिसत होतं तेही गेलं.

धरणाच्या पाण्याकाठी गाडी थांबली. मांडव नव्हता, स्पीकर नव्हता. गार वारा होता, पोरांचा कालवा होता आणि चष्मा जरा वर केला तर हिरवे-निळे मोठे मोठे ठिपके जमिनीवर पडलेले होते. जवळ गेलो तेव्हा ते तंबू निघाले. पेशंटसाठी तंबू? शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकायचे आमच्या वेळी. सरकारनं बरीच मजल मारलेली दिसत होती.

आवाज माझ्या खांद्याखालून येणारा, म्हणजे बुटका, बोलण्यात गोड असा एक माणूस आला. योगीराज म्हणून त्यानं नाव सांगितलं. तोच तिथला चालक. त्यानं आमच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या, त्यांच्यावरचे आकडे अर्पितानं वाचून दाखवले. हे मात्र ओळखीचं होतं. मग फॉर्म आला. तो वाचणार आणि मी सांगणार.

"बीपी, शुगर?"

"नाही."

"हार्टचं काही?"

"नाही."

"पवता येतं का?"

"काय?"

"पाण्यात, गुरुजी. पवता येतं का?"

मी म्हणालो, "येतं. विहिरीत शिकलोय." डोळ्याच्या ऑपरेशनचा आणि पोहण्याचा काय संबंध, हे मला कळेना. पण चांगुणालाही त्यानं तेच विचारलं आणि ती इतक्या गंभीरपणे "न्हाई येत बाबा, चालंल का?" म्हणाली की मीही पुढे विचारलं नाही. छत्तीस वर्षांत एक गोष्ट कळली आहे, फॉर्ममधला प्रश्न कितीही अडाणी असो, उत्तर द्यायचं आणि पुढे व्हायचं.

पोहे आले. मी नको म्हणालो. चांगुणाही नको म्हणाली. सिद्धोधन वैतागला. "काय तुम्ही दोघं! सकाळपासून काही खाल्लं नाहीत."

"नंतर," मी म्हणालो आणि त्याच्याकडे बघून जरा अर्थपूर्ण हसलो. म्हणजे, तो जिथे असेल असं वाटलं तिकडे बघून. तो काही बोलला नाही. मला वाटलं, त्यालाही कळलं.

मग शिट्टी वाजली आणि योगीराज ओरडला, "चला, सगळे टेकडीवर!"

आता टेकडी कशाला? पण बाकीची पंधरा-वीस माणसं हसत-खिदळत निघाली तसे आम्हीही निघालो. एवढे तरणे लोक मोतीबिंदूचे पेशंट कसे, हे कोडं होतंच. नातेवाईक असतील, अशी मी समजूत घातली. चालवून बीपी बघत असतील. अर्पिताच्या खांद्यावर हात ठेवून चढलो. पोरगी बडबडी. "आजोबा, दगड. आजोबा, काटेरी झाड. आजोबा, इथं पायरीसारखं आहे." तिच्या बडबडीवर मी ती टेकडी चढलो. मागे चांगुणा धम्मशीलाचा हात धरून येत होती आणि दर दहा पावलांना थांबत होती. गुडघे दुखत असणार, असं मी मनाशी म्हटलं.

वर पोचल्यावर योगीराज म्हणाला, "आता बघा गुरुजी! सगळं धरण दिसतं इथून."

मी चष्मा काढला. समोर पांढरा उजेड होता, खाली पांढरा, वर पांढरा. मी म्हणालो, "वा."

मग राहवलं नाही. त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर किती वाजता येतात?"

"डॉक्टर?" तो एकदम जवळ आला. "काय होतंय काका? छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही हो. डोळ्यांचे डॉक्टर. कॅम्पचे."

तो गोंधळला. "कॅम्पचे? इथं डॉक्टर नसतो काका. जिंतुरातून बोलवावा लागतो. डोळ्यात कचरा गेला का?"

"मग कॅम्प कशाचा आहे हा?"

"कशाचा म्हंजे?" तो मनापासून हसला. "हिंडायचं, पवायचं, जेवायचं, तंबूत झोपायचं. लोकं पुण्या-मुंबईहून येतेत की यासाठी. मजेचा कॅम्प हाय, काका!"

एवढं सांगून तो शिट्टी वाजवत पुढे गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. मला स्वतःचंच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पोराला काही कळलेलं नव्हतं. त्यानं माझं तोंड बघून काही ओळखलं नव्हतं. चार दिवस मी ज्या गोष्टीवर तरंगत होतो ती गोष्ट झालीच नव्हती. मला फार वाईट वाटलं. डोळ्यांचं नव्हे, डोळ्यांची सवय झाली होती. मला त्या ओळखण्याचं वाईट वाटलं.

चांगुणा एका दगडावर बसली होती. तिच्या जांभळ्या लुगड्यावरून मला ती सापडली. शेजारी बसून म्हणालो, "हे नुसतं हिंडण्या-पोहण्याचं ठिकाण आहे म्हणे."

"म्हंजे? दुसरं काईच न्हाई?"

"दुसरं काय असणार?"

ती दगडावरून उठली. मग म्हणाली, "मंग खाऊन तर घेऊ काई."

खाली उतरून आम्ही जेवलो. चतुराबाई नावाची तिथली स्वयंपाकीण चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वाढलं तसं आम्ही दोघं दुष्काळातून आल्यासारखे तुटून पडलो. धम्मशीला म्हणाली, "आई, पोट बरं झालं वाटतं." भातात एकही खडा नव्हता, हे मला जाणवलं. घरी वर्षभर भातात नाहीतर वरणात खडा लागायचा आणि मी तो मुकाट्यानं गिळायचो. बोललो असतो तर "मंग तुमीच निवडून द्या" म्हणाली असती, आणि तिथं माझी पंचाईत होती.

आता सिद्धोधनला सांगावं, असं मला जेवताना एकदा वाटलं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तो इतका आनंदात होता. "बाबा, लहानपणापासून तुम्हाला असं कुठं आणायचं होतं," म्हणत होता. त्याच्या सुट्टीचे दोन दिवस, त्यात मी माझं रडगाणं कुठं लावू? आणि नागनाथचा डोळा होताच डोळ्यांपुढे. दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सांगू, असं मी दोन वर्षं ठरवत होतो.

तीनच्या सुमाराला सगळे पाण्याकडे गेले. काठाजवळ दोरी बांधून पोरांसाठी गुडघाभर पाण्याची जागा केली होती. मोठ्यांसाठी पुढे वल्ह्याच्या होड्या होत्या. धम्मशीला होडीत बसायला भीत होती, सिद्धोधन तिला चिडवत होता. शेवटी ती तयार झाली.

"पण अर्पिता?" ती म्हणाली.

"आई-बाबा आहेत की," सिद्धोधन म्हणाला. "बाबा, हिच्याकडे लक्ष ठेवाल ना? दोरीच्या आतच खेळायचं तिनं. अर्ध्या तासात येतो."

मी चांगुणाकडे वळलो. मला दिसत नाही, पण तिला तर दिसतं. ती शेजारीच बसणार. मी तिला विचारलं, "बसतेस ना इथं?"

"बसते की. तुमी हाईत न्हवं?"

"जा रे," मी सिद्धोधनला म्हणालो. "आम्ही दोघं आहोत."

हे वाक्य मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

अर्पिताला त्यांनी नारिंगी रंगाचं फुगीर जॅकेट घातलं होतं. ते बरं झालं, कारण नारिंगी मला ओळखू येत होतं. काठापासून वीसेक पावलांवर ते नारिंगी हलत होतं, उड्या मारत होतं. अधूनमधून ती हात वर करायची, मी हात हलवायचो. मला हात दिसायचा नाही, पण नारिंगीच्या वर काहीतरी हललं की मी हलवून टाकायचो. आणि शेजारी चांगुणा होतीच. मी मोकळेपणानं तिला टेकडीवर योगीराजला काय विचारलं ते सांगावं का, या विचारात पडलो. आंधळ्याच्या कॅम्पात आंधळाच फसला, असा विनोद करून सांगितलं तर तिला धक्का बसणार नाही.

असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. मधे एक मोटारीची बोट मोठ्यानं फटफटत गेली. पुन्हा एकदा नारिंगीच्या वर काही हललं, मी हात हलवला. नंतर ते नारिंगी एका जागी थांबलं.

पोरं थांबतात. पाण्यात काही सापडलं असेल, शिंपला वगैरे. मी हात हलवला. नारिंगी हललं नाही. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. हललं नाही. खाली-वर होत होतं, पण ते लाटेबरोबर. पोरगी अशी खाली-वर होत नाही.

"चांगुणा," मी म्हणालो, "अर्पिता काय करायलीय बघ बरं."

"तुमीच बघा की. तुमी बघायलात न्हवं?"

"अगं तू बघ ना! ती हलंना."

"हलंना?" तिचा आवाज बदलला. "कुठं हाय ती?"

"समोर, ती काय! नारिंगी जॅकेट."

"मला न्हाई दिसत वो."

"म्हणजे काय? समोर आहे!"

"न्हाई दिसत म्हणलं ना! लय दिस झाले न्हाई दिसत. तुमी हाईत म्हणून बसले मी हितं."

मी पायात चपला होत्या तशा पाण्यात घुसलो. गाळात पाय रुतत होते, मी पडलो, उठलो, नारिंगीच्या दिशेनं हात फिरवत गेलो. हाताला जॅकेट लागलं. दोरीत अडकलं होतं. मी ते उचललं. ते इतकं हलकं होतं की मला त्याचं वजन आजही आठवतं. आत पोरगी नव्हती.

मी पाण्यात बसलो आणि दोन्ही हातांनी तळ चाचपायला लागलो. गाळ, दगड, एक बाटली. मागून चांगुणा "अर्पू, ए अर्पू" करत पाण्यात उतरत होती, तिला पोहता येत नव्हतं. मी तिला "तू येऊ नको" म्हणालो आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, "सिद्धू! सिद्धू रे! दिसंना!"

लांबून त्याचा आवाज आला, "कोण दिसंना?"

"दिसंना! काईच दिसंना!"

"अर्पिता? बाबा, शेवटची कुठं दिसली?"

"दिसलीच न्हाई रे!"

"आत्ता तर होती ना! कुणीकडं गेलेली दिसली ते सांगा!"

"अरे मलाच दिसंना! मला दिसतच न्हाई! दोन साल झाले!"

पाण्यात धप्पकन आवाज झाला. तो होडीतून उडी मारून येत होता. धम्मशीला होडीत एकटी किंचाळत होती. योगीराज शिट्ट्या फुंकत पळत आला, आणखी चार-पाच माणसं पाण्यात उतरली आणि सगळे माझ्यासारखेच तळ चाचपायला लागले. फरक एवढाच की त्यांना दिसत होतं.

"अगं माय, काय झालं?" हा आवाज चतुराबाईचा होता, स्वयंपाकाच्या खोपीकडून. "कुणाला हुडकायलात? ही पोरगी का?"

मग अर्पिताचा आवाज आला. "आजोबा, तुम्ही कपडे घालून का पोहताय?"

खोपीच्या मागे कुत्रीची पिल्लं होती. चतुराबाई पाणी न्यायला आली तेव्हा तिनं पोरीला सांगितलं आणि पोरीनं जॅकेट तिथंच पाण्यात काढून टाकलं. पण ती शिस्तीची, न विचारता गेली नव्हती. "मी पाण्यातून हात वर करून विचारलं," ती सांगत होती, "पिल्लं बघायला जाऊ का? बोटीचा आवाज होता म्हणून खुणेनं विचारलं. आजोबांनी हात हलवला. जा म्हणाले."

मी म्हणालो होतो, जा.

धम्मशीलाला होडीतून आणलं. तिनं पोरीला उचललं, आठ वर्षांच्या पोरीला, आणि खाली ठेवीना. ती मला वाईट काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाबा, मी तुमच्याजवळ ठेवून गेले होते हो." मी आणि चांगुणा ओलेचिंब काठावर बसलो. कुणीतरी आमच्या अंगावर टॉवेल टाकले. माणसं हळूहळू पांगली. चांगुणाचे दात वाजत होते. तिनं टॉवेलखालून माझा हात शोधला.

"मला वाटलं, तुमाला दिसतंय," ती हळूच म्हणाली.

"मला वाटलं, तुला."

"पोरानं कॅम्प म्हणलं, तवा वाटलं, त्यानं वळखलं माझं."

तिचा गुबारा, तिचे धुतलेले केस, टेकडीवरचं थांबणं, वरणातले खडे, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. एका घरात, एका ताटाशेजारी बसून आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांवर चाललो होतो आणि डोळे कुणालाच नव्हते.

सिद्धोधन येऊन आमच्यासमोर उभा राहिला. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे तो मला नुसता एक काळा पट्टा दिसत होता. तो चिडला होता आणि घाबरलेला होता. त्याला स्वतःलाही कळत नसावं, कोणतं जास्त.

"सांगायचं ना बाबा! फोनवर रोज बोलतो मी. आई, तू तरी?"

"तू कॅम्प म्हणालास," मी म्हणालो.

"मग?"

"आम्हाला वाटलं डोळ्यांचा."

"डोळ्यांचा," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "डोळ्यांचा. म्हणून जेवला नाहीत सकाळी?"

मला त्याची कीव आली आणि माझ्यातला जुना मास्तर जागा झाला. पोराला एवढं लावून घेऊ द्यायचं नाही. "तसं अगदीच काही नाही असं नाही," मी म्हणालो. "थोडं दिसतं. जवळचं तर बऱ्यापैकी दिसतं. आज जरा ऊन होतं म्हणून."

"मला बी," चांगुणा म्हणाली. "जवळचं दिसतंय की मला."

"बरं," सिद्धोधन म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत झाला होता. "मी जवळच आहे. किती बोटं आहेत सांगा."

मी डोळे बारीक केले. काळ्या पट्ट्याच्या उजव्या अंगाला काहीतरी असल्यासारखं वाटलं. वर्गात उत्तर न येणारी पोरं ज्या ठसक्यात उत्तर देतात, त्या ठसक्यात मी म्हणालो, "दोन."

"दोनच की," चांगुणा लगेच म्हणाली.

त्याच्या ओल्या कपड्यांचं पाणी मातीत टपटपत होतं.

"बाबा," सिद्धोधन म्हणाला, "मी अजून हात वर केला नाही."

मग तो आमच्यापुढे ओल्या मातीत खाली बसला. त्यानं माझ्या गुडघ्यावर एक हात ठेवला आणि आईच्या गुडघ्यावर एक. तो रडत होता. मला ते दिसलं नाही, हातातून कळलं.